कुलपातील सेल किती उरले? टक्केवारीच्या आकड्यावर किती विसंबावे?

या सदराकडे अलीकडे आलेली बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत : दाराला बसवलेल्या स्मार्ट कुलपातील सेल किती दिवस पुरतील आणि ते संपत आल्याचे वेळेवर कसे कळेल? भिंतीवरच्या घड्याळातला सेल संपला तर घड्याळ थांबते, एवढेच होते. कुलपातला सेल संपला तर माणूस स्वतःच्याच घराबाहेर उभा राहतो, आणि तो माणूस बहुधा घरातला सर्वांत वृद्ध किंवा सर्वांत लहान असतो. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर या प्रश्नालाच दिले आहे. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : स. न. वि. वि. आमच्या दाराला बोटाच्या ठशाने उघडणारे कुलूप आहे. त्यात चार पेन्सिल सेल लागतात. दर वर्षी सेल फेकून द्यायला नकोत म्हणून मी त्यात पुन्हा चार्ज करता येणारे सेल घातले. ॲपमध्ये कित्येक आठवडे ५५ टक्के दिसत होते. मागच्या महिन्यात माझी आई भाजी घेऊन परतली, तेव्हा कुलूप पूर्ण बंद पडलेले होते. किल्ली घरात राहिली होती. मी कार्यालयातून येईपर्यंत ती दोन तास जिन्यात बसून होती. कुलूपच सदोष आहे का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आपल्या आईंना झालेला त्रास वाचून वाईट वाटले. आपण लिहिलेल्या लक्षणांवरून मात्र कुलूप सदोष असण्यापेक्षा कुलपाने सेल ओळखण्यात चूक केली असण्याची शक्यता अधिक दिसते.

ॲपमध्ये दिसणारी टक्केवारी म्हणजे सेलमध्ये उरलेल्या विजेचे मोजमाप आहे, असे आपण समजतो. प्रत्यक्षात बहुतेक कुलपे फक्त सेलचा विद्युतदाब, म्हणजे व्होल्ट, मोजतात आणि त्या दाबावरून ‘इतके उरले असावे’ असा अंदाज बांधतात. हा अंदाज अल्कलाइन सेल डोळ्यांपुढे ठेवून बसवलेला असतो. नवा अल्कलाइन सेल १.६ व्होल्टच्या आसपास असतो आणि वापराबरोबर त्याचा दाब हळूहळू, उतारावरून खाली यावे तसा उतरत जातो. त्यामुळे दाब पाहून शिल्लक सांगता येते. चार सेल ओळीने जोडले की नवे असताना सुमारे ६.४ व्होल्ट मिळतात आणि पुष्कळ कुलपे ४.८ व्होल्टच्या आसपास, म्हणजे दर सेलला १.२ व्होल्ट उरले की, ‘बॅटरी कमी’ अशी सूचना देतात.

आता आपले चार्ज होणारे सेल पाहा. हे निकेल-मेटल हायड्राइड प्रकारचे असतात आणि त्यांचा नेहमीचा दाबच १.२ व्होल्ट असतो. चार्जरमधून काढल्यावर तो काही काळ १.४ च्या जवळ राहतो, मग १.२५ च्या आसपास येऊन सपाट रस्त्यावरून चालल्यासारखा दीर्घकाळ तेथेच थांबतो आणि शेवटी कड्यावरून पडावे तसा एकदम कोसळतो. आपल्याला कित्येक आठवडे एकच आकडा दिसला तो याच सपाट रस्त्याचा. त्यात किती वाट उरली होती, हे कुलपाला कळण्याचा मार्गच नव्हता. ज्या कुलपांच्या माहितीपुस्तिकेत ‘फक्त अल्कलाइन’ असे लिहिलेले असते, त्यांतल्या पुष्कळांचे कारण हेच असते. आपला पर्यावरणाचा विचार योग्य आहे, परंतु तो खेळणी, टॉर्च, कॅमेरा येथे अमलात आणावा. वर्षाला चार-आठ सेल लागणाऱ्या कुलपात त्याचा लाभ थोडा आहे आणि जोखीम मोठी आहे. काही नव्या कुलपांच्या ॲपमध्ये सेलचा प्रकार निवडण्याची सोय असते. ती असेल तरच चार्ज होणारे सेल वापरावेत.

याच्या उलट चूकही अनेकांकडून होते. घरात घड्याळासाठी आणून ठेवलेले स्वस्त सेल कुलपात घातले जातात. ते झिंक-कार्बन प्रकारचे असतात. घड्याळाला अगदी थोडा प्रवाह लागतो, तो ते वर्षभर देतात. कुलपाचा बोल्ट, म्हणजे चौकटीत शिरणारा दांडा, सरकवणारी मोटर फिरवण्याइतका प्रवाह मागितला की मात्र त्यांचा दाब खचतो. सेल कोणत्या प्रकारचा आहे हे वेष्टनाच्या रंगावरून ठरवू नये. सेलवर बारीक अक्षरांत एक संकेत छापलेला असतो : केवळ ‘आर६’ असे असेल तर झिंक-कार्बन, ‘एलआर६’ असेल तर अल्कलाइन, ‘एचआर६’ असेल तर चार्ज होणारा आणि ‘एफआर६’ असेल तर लिथियमचा एकदाच वापरायचा सेल. दुकानात उभे राहून हे चार संकेत वाचण्याची सवय लावून घ्यावी, असे मी आग्रहाने सुचवतो.

आणखी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण तिच्यामुळे ‘टक्केवारी चांगली होती, तरी दार उघडले नाही’ ही तक्रार अल्कलाइन सेल वापरणारेही करतात. सेल जुना होतो तसा त्याचा अंतर्गत रोध, म्हणजे सेलच्या आतच प्रवाहाला होणारा अडथळा, वाढतो. समजा, मोटर फिरताना अर्धा अँपिअर प्रवाह लागतो. नव्या चार सेलांचा मिळून रोध पाऊण ओहम असेल, तर दाब फक्त ०.४ व्होल्टने खाली येईल. जुन्या सेलांचा रोध ३ ओहम झाला असेल, तर तोच दाब दीड व्होल्टने खाली येईल. म्हणजे स्थिर अवस्थेत ५.२ व्होल्ट दाखवणारे सेल मोटर फिरू लागताच ३.७ व्होल्टवर येतात आणि कुलपाचे नियंत्रक यंत्र मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होते. आकड्यांचा बटनफलक उजळतो, शिट्टी वाजते, पण बोल्ट अर्धवट सरकून थांबतो, हे त्याचे ठळक लक्षण आहे. टक्केवारी काहीही सांगत असली, तरी असे एकदा जरी घडले तरी त्याच दिवशी सेल बदलावेत.

चारही सेल एकाच वेळी, एकाच कंपनीचे आणि एकाच पाकिटातले घालावेत. नव्यांत एखादा जुना राहिला, तर उरलेले तीन त्याच्यातून जबरदस्तीने प्रवाह ढकलतात आणि तो सेल पाझरू लागतो. बदलल्याची तारीख सेलच्या कप्प्याच्या झाकणावर आतल्या बाजूने लिहून ठेवावी. माझ्या स्वतःच्या दाराच्या झाकणावर अशा पाच तारखा एकाखाली एक आहेत, आणि पुढचे सेल कधी लागतील हे मला ॲपपेक्षा त्या तारखांवरून अधिक नेमके सांगता येते.

आईंसाठी दोन गोष्टी आजच कराव्यात. एक किल्ली विश्वासातल्या शेजाऱ्यांकडे ठेवावी. आणि कुलपाच्या खालच्या कडेला दोन धातूचे ठिपके किंवा टाइप-सी खाच आहे का, ते पाहून घ्यावे. ठिपके असतील तर तेथे ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवून धरली की कुलूप तेवढ्यापुरते जागे होते; दार उघडेपर्यंत ती टेकवलेलीच ठेवावी लागते, कारण कुलूप ती वीज साठवत नाही. ही बॅटरी घेतानाही ‘६एफ२२’ ऐवजी ‘६एलआर६१’ लिहिलेली घ्यावी, कारण पहिली झिंक-कार्बनची असते. टाइप-सी खाच असेल तर पॉवर बँक चालते, परंतु दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल काही कुलपांना वीज देऊ शकत नाही. एका टोकाला जुन्या पद्धतीचा चपटा प्लग असलेली केबल ठेवावी. ही सगळी कृती आईंकडून एकदा, दार उघडे असताना, करून घ्यावी. त्यांच्या हातांना ती सवयीची झाली पाहिजे.

प्रश्न : आमचे घर रत्नागिरीत असून मुख्य दार सागवानी आहे. कुलपातील सेल एरवी दहा-अकरा महिने पुरतात, परंतु पावसाळ्यात दोन-अडीच महिन्यांतच संपतात. विक्रेत्याचे म्हणणे असे, की दमट हवेमुळे सेल उतरतात. हे खरे आहे का? बॅटरीवर लक्ष कसे ठेवावे?
— एक वाचिका, रत्नागिरी

उत्तर : दमट हवेने बंद सेल असे दोन महिन्यांत उतरत नाहीत. दमटपणाचा परिणाम आपल्या दारावर होत आहे आणि त्याची किंमत सेल मोजत आहेत.

लाकूड पाणी शोषून आडव्या अंगाने फुगते. जून-जुलैत दार चौकटीला घासू लागते, ते खांद्याने रेटून लावावे लागते, हा कोकणातल्या प्रत्येक घराचा अनुभव आहे. हाताने कडी घालताना आपण नकळत दार थोडे ओढतो, उचलतो आणि मग कडी सरकवतो. मोटरला ही समज नसते. बोल्ट चौकटीतल्या पट्टीच्या कडेला घासला, तरी ती तशीच जोर लावत राहते; काही कुलपे तर अडल्यावर मागे येऊन दोन-तीनदा पुन्हा प्रयत्न करतात. अडलेली मोटर मोकळ्या मोटरपेक्षा कितीतरी अधिक प्रवाह ओढते.

याचा हिशेब मांडून पाहू. समजा, कुलूप नुसते जागे राहण्यासाठी ६० मायक्रोअँपिअर घेते. दिवसाला ते जवळजवळ दीड मिलिअँपिअर-तास (सेलमधल्या विजेचा साठा मोजण्याचे एकक) झाले. मोटर मोकळी फिरताना ३०० मिलिअँपिअर घेते आणि दोन सेकंद चालते, आणि दिवसातून २० वेळा चालते. त्याचे सव्वातीन मिलिअँपिअर-तास झाले. दोन्ही मिळून दिवसाचा खर्च पाचाच्या आत राहिला. सेलमधून २००० मिलिअँपिअर-तास मिळाले, तर ते वर्षाहून अधिक पुरतील. आता दार फुगल्यामुळे मोटर ८०० मिलिअँपिअर घेऊ लागली आणि प्रत्येक वेळी चार सेकंद झगडू लागली, असे धरा. मोटरचाच खर्च दिवसाला अठराच्या घरात जातो, एकूण एकोणीस होतो आणि तेच सेल साडेतीन महिन्यांत संपतात. शिवाय अल्कलाइन सेलमधून मोठा प्रवाह ओढला की त्याच्याकडून मिळणारी एकूण वीजही घटते. तेव्हा आपले अडीच महिने या हिशेबात अगदी बसतात.

म्हणून आपल्या बाबतीत बॅटरीवर लक्ष ठेवणे म्हणजे मुख्यतः दारावर लक्ष ठेवणे होय, आणि त्यासाठी कान हे उत्तम साधन आहे. दार सताड उघडे ठेवून आतल्या बटनाने बोल्ट बाहेर काढा आणि मोटरचा आवाज ऐका. मग दार लावून तीच कृती करा. दोन्ही आवाज सारखे असले पाहिजेत. दुसरा आवाज अधिक खोल, ओढल्यासारखा किंवा लांबलेला येत असेल, तर बोल्ट कोठेतरी घासतो आहे. नेमका कोठे, हे पाहण्यासाठी बोल्टाच्या टोकाला खडू किंवा ओले कुंकू लावून दार बंद करा, बोल्ट सरकवा आणि परत घ्या. पट्टीच्या ज्या कडेला रंग लागेल ती कड दोषी. रंग खोबणीच्या तळाला लागला, तर खोबण पुरेशी खोल नाही, हा दोष मी अनेक घरांत पाहिला आहे. कुलूप बसवणारा घाईत असला की पट्टी नीट बसवतो आणि तिच्यामागचे लाकूड कोरायचे तसेच राहते.

उपाय सुताराकडे आहे. पट्टीची कड कानशीने एक-दोन मिलिमीटर घासावी, तळ पटाशीने खोल करावा आणि वरच्या बिजागरीचे सैल झालेले स्क्रू आवळावेत. मात्र भर पावसात दाराला रंधा मारण्याची घाई करू नये, कारण मार्गशीर्ष-पौषात लाकूड आक्रसल्यावर तेवढीच फट पडते. त्याऐवजी पाऊस संपून दार पूर्ण वाळल्यावर त्याच्या वरच्या आणि खालच्या कडांना पॉलिश किंवा रंग द्यावा. या दोन कडा डोळ्यांना दिसत नाहीत म्हणून कोरड्या ठेवल्या जातात आणि लाकडाच्या शिरा तेथे उघड्या असल्यामुळे पाणी तेथूनच सर्वाधिक शिरते. पुढच्या वर्षी रोहिणी नक्षत्राच्या सुमारास ही आवाजाची परीक्षा करून, सेल कितीही टक्के दाखवत असले तरी, नवे घालावेत. काढलेले सेल घड्याळात किंवा रिमोटमध्ये पुढे अनेक महिने चालतात. ते वाया जात नाहीत.

शहरातल्या लोखंडी सेफ्टी दारांनाही हाच नियम लागू आहे. तेथे लाकूड फुगत नाही, पण जड दार बिजागरीवर हळूहळू खाली येते आणि बोल्ट पट्टीच्या खालच्या कडेला टेकू लागतो.

प्रश्न : सेल बदलताना सर्वांचे बोटांचे ठसे आणि संकेतांक पुसले जातील का?
— एक वाचिका, सोलापूर

उत्तर : नाही. ते विजेशिवाय टिकणाऱ्या स्मृतीत साठवलेले असतात. कुलपाचे घड्याळ मात्र काही वेळा मागे पडते, त्यामुळे ठरावीक वेळेपुरते दिलेले संकेतांक चालेनासे होऊ शकतात. सेल बदलल्यावर ॲप एकदा कुलपाजवळ उघडावे, म्हणजे वेळ जुळते. आणि सेल नेहमी दार उघडे ठेवून बदलावेत.

प्रश्न : मी कोल्हापुरात राहतो. गोव्यात माझे एक छोटे घर आहे, ते पर्यटकांना राहायला देतो. दाराला वाय-फायवर चालणारे कुलूप आहे, म्हणजे येथून संकेतांक देता येतो. बॅटरीही येथूनच पाहतो. परंतु मध्यंतरी ॲपमध्ये ४० टक्के दिसत असताना पाहुणे रात्री अकरा वाजता बाहेर अडकले. दुरून लक्ष ठेवण्याचा भरवशाचा मार्ग कोणता?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपण पाहिलेले ४० टक्के त्या क्षणाचे होते, की चार दिवसांपूर्वीचे? कुलूप वीज वाचवण्यासाठी बहुतेक वेळ झोपलेले असते आणि अधूनमधून जागे होऊन आपली स्थिती कळवते. ते कळवायचे थांबले, तर पुष्कळ ॲप शेवटचा आकडाच दाखवत राहतात. म्हणून आकड्यापेक्षा त्याच्या शेजारची वेळ पाहावी. ती दिसत नसेल, तर दार शेवटचे कधी उघडले याची नोंद तपासावी. दिवसभर पाहुणे ये-जा करत असताना नोंद कालचीच असेल, तर कुलपाचा संपर्क तुटला आहे असे समजावे.

वाय-फाय हा रेडिओच मुळात खर्चिक आहे. संदेश पाठवताना तो शेकडो मिलिअँपिअर घेतो, त्यामुळे थेट वाय-फायला जोडलेली कुलपे ब्लूटूथ किंवा झिगबी (कमी विजेवर चालणारी बिनतारी पद्धत) यांवरच्या कुलपांपेक्षा लवकर सेल संपवतात. राउटर लांबच्या खोलीत असेल, मध्ये जाड चिऱ्याची भिंत असेल, तर संदेश पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो. वीज गेली, राउटर बंद पडला किंवा इंटरनेटचे पैसे भरायचे राहिले, तर अनेक कुलपे संपर्क शोधत राहतात आणि त्या शोधातच सेल रिकामे होतात. आपल्या दाराचा वापरही घरगुती दारापेक्षा बराच अधिक असणार. त्या कुलपासाठी स्वतंत्र गेटवे, म्हणजे कुलूप आणि वाय-फाय यांना जोडणारे छोटे उपकरण, मिळत असेल, तर तो दाराजवळच्या प्लगमध्ये बसवावा. मग कुलूप त्याच्याशी ब्लूटूथने बोलते आणि वाय-फायचे ओझे भिंतीतल्या विजेवर पडते. गेटवे आणि राउटर या दोहोंना छोटा बॅकअप द्यावा.

तरीही ज्या घरात अनोळखी माणसे मुक्कामाला येतात, तेथे केवळ आकड्यावर विसंबणे मला योग्य वाटत नाही. आपल्या कुलपात सेल साधारण किती दिवस पुरतात, हे दोन वेळा तारखा लिहून काढावे आणि त्याच्या दोन तृतीयांश दिवसांनी, पाहुणे बदलण्याच्या दिवशी, साफसफाई करणाऱ्या व्यक्तीकडून सेल बदलून घ्यावेत. त्याच व्यक्तीकडे किल्ली असावी. पाहुण्यांना पाठवण्याच्या सूचनांत ‘दार उघडले नाही, तर काय करावे’ हा परिच्छेद संकेतांकाच्या लगेच खाली असावा.

प्रश्न : मी बंगळूरला असतो आणि घरातली उपकरणे होम असिस्टंट या संगणक-प्रणालीवर चालवतो. झिगबीचे कुलूप नव्या सेलांवरही ५० टक्क्यांच्या वर जात नाही. मित्राच्या झेड-वेव्ह (झिगबीसारखीच दुसरी बिनतारी पद्धत) कुलपात एकदा २५५ हा आकडा आला. दर पाच मिनिटांनी बॅटरी विचारून आलेख काढावा का?
— एक वाचक, बंगळूर

उत्तर : झिगबीच्या मानकात उरलेली बॅटरी अर्ध्या टक्क्याच्या एककात कळवायची असते, म्हणजे २०० हा आकडा आला की १०० टक्के समजायचे. काही उपकरणे हा नियम न पाळता सरळ १०० पाठवतात आणि ऐकणारी प्रणाली नियमाप्रमाणे त्याचे निम्मे करते. आपले ५० टक्के बहुधा असेच आलेले आहेत. त्या कुलपासाठी सुधारित जोडणी उपलब्ध आहे का, ते पाहावे, किंवा स्वतःच दुप्पट करणारा संवेदक तयार करावा. झेड-वेव्हमध्ये २५५ हा आकडा नसून ‘बॅटरी कमी आहे’ असा इशारा आहे. मित्राला सेल बदलायला सांगावे.

दर पाच मिनिटांनी विचारणा करू नये. प्रत्येक उत्तरासाठी कुलपाला रेडिओ चालवावा लागतो, म्हणजे बॅटरी मोजण्यातच बॅटरी खर्च होते. कुलूप स्वतःहून जे कळवते ते पुरेसे आहे. आलेखातही एका दिवसाच्या आकड्याकडे न पाहता उताराकडे पाहावे. महिन्याला आठ टक्क्यांनी उतरणारी रेषा एखाद्या आठवड्यात सहा टक्क्यांनी उतरली, तर प्रथम दार तपासावे, वर रत्नागिरीच्या वाचिकेला सुचवले त्याच पद्धतीने. सूचना दोन ठेवाव्यात : एक ३० टक्क्यांवर, आणि दुसरी कुलपाकडून दोन दिवस काहीच न आल्यास. दुसरी सूचना बहुतेक जण ठेवत नाहीत. संपलेले कुलूप ‘मी संपलो’ असे सांगू शकत नाही; त्याचे मौन हीच खूण असते, आणि ती ओळखण्याचे काम आपल्या प्रणालीने करायचे आहे.

प्रश्न : आम्ही अमेरिकेत मिनेसोटा राज्यात राहतो. जानेवारीत पहाटे कुलपाची बॅटरी १५ टक्के दिसते, दुपारी पुन्हा ४५ होते. कोणता आकडा खरा?
— एक वाचिका, मिनिआपोलिस

उत्तर : दोन्ही आकडे त्या त्या वेळी सेल जे देऊ शकत होते त्याचेच आहेत. अल्कलाइन सेलमधील द्रव पाण्यावर आधारलेला असतो. कडाक्याच्या थंडीत त्यातील क्रिया मंदावते, अंतर्गत रोध वाढतो आणि उणे २० अंशांजवळ त्या सेलमधून मूळ क्षमतेचा थोडाच भाग मिळतो. ऊब आली की दाब परत वर येतो. आपण घरी पोहोचता ती वेळ जर रात्रीची किंवा पहाटेची असेल, तर निर्णय पहाटेच्या आकड्यावर घ्यावा. लिथियमचे ‘एफआर६’ सेल उणे ४० अंशांपर्यंत काम करतात, परंतु त्यांचा दाब शेवटपर्यंत जवळजवळ स्थिर राहतो. त्यामुळे कुलूप महिनोन्‌महिने भरलेले दाखवते आणि मग फारसा इशारा न देता थांबते. कुलपाच्या पुस्तिकेत त्यांना परवानगी असेल तरच ते वापरावेत, आणि वापरल्यास टक्केवारीकडे न पाहता तारखेने बदलावेत. आणीबाणीची ९ व्होल्टची बॅटरी बाहेर उभ्या मोटारीत ठेवू नये; ती तेथे गारठते. कोटाच्या आतल्या खिशात ठेवावी.

प्रश्न : आमच्या कुलपात चार्ज करायची लिथियम-आयन बॅटरी आहे. दार पश्चिमेला आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात काही काळजी घ्यावी का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : अवश्य घ्यावी. या बॅटऱ्या सामान्यतः ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत, आणि मे महिन्यात पश्चिमेच्या दाराचे काळे धातूचे कवच त्याहून सहज तापते. बॅटरी दारावरच केबल लावून चार्ज न करता काढून घरात आणावी आणि सकाळच्या गारव्यात, आपण जागे व घरी असताना चार्ज करावी. ती बाहेर असताना कुलपाला वीज नसते, तेव्हा किल्ली जवळ ठेवावी. २०-३० टक्के उरले की चार्ज करण्याचा नियम ठेवावा. बॅटरी फुगलेली दिसली, कप्प्यात घट्ट बसू लागली, तर ती पुन्हा चार्ज करू नये, टोचू नये आणि कचऱ्याच्या गाडीत टाकू नये. ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

प्रश्न : आम्ही मुंबईत राहतो. कणकवलीजवळचे गावचे घर गणपतीला आणि शिमग्याला उघडते. मुलाने हौसेने तेथे स्मार्ट कुलूप बसवले. मागच्या गणपतीला पाहिले तर सेलच्या टोकांना पांढरी पूड धरली होती आणि कुलूप बंद होते. अशा घरात हे कुलूप ठेवावे का?
— एक वाचक, परळ, मुंबई

उत्तर : ठेवता येईल, परंतु अशा घरात मुख्य साधन किल्ली हेच असावे आणि बोटाचा ठसा ही त्यावरची सोय असावी. ती पांढरी पूड सेलमधून पाझरलेल्या क्षारयुक्त द्रवाची आहे. हातमोजे घालून सेल काढावेत, कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाचे दोन-तीन थेंब घेऊन स्प्रिंगा व पट्ट्या पुसाव्यात, मग किंचित ओल्या आणि नंतर कोरड्या फडक्याने पुसून दिवसभर वाळू द्यावे. रस कुलपाच्या आत ओघळता कामा नये. पट्ट्यांचा धातू खाल्ला गेला नसेल, तर कुलूप बहुधा पुन्हा सुरू होईल.

यापुढे घर बंद करताना प्रथम किल्लीने दार बाहेरून दोनदा उघडून आणि लावून पाहावे. किल्ली सुरळीत फिरते याची खात्री झाल्यावर सेल काढून सोबत मुंबईला न्यावेत. सेल काढल्याने लावलेला बोल्ट उघडत नाही. किल्लीच्या छिद्रात तेल घालू नये, कारण त्यावर धूळ चिकटून वर्षभरात घट्ट थर होतो. ग्रॅफाइटची पूड फुंकावी. मुंबईहून निघताना नवे ‘एलआर६’ सेल किल्लीच्या जुडग्याबरोबर त्याच पिशवीत घालावेत, आणि एक किल्ली गावातल्या शेजारच्या घरी कायमची ठेवावी, म्हणजे चतुर्थीच्या आदल्या दिवशी उशिरा पोहोचलात तरी घर झाडून, चूल पेटवून तयार असेल.